कंट्रोल, शिफ्ट, एन: बोटांच्या सवयीवर तपासलेले ब्राउझर

नवा ब्राउझर समोर आला की मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणं एकत्र दाबते. पान किती लवकर उघडतं, मेमरी किती लागते, हे सगळं नंतर. या तीन बटणांवर काय घडतं त्यावरून, दुसरीकडून येणाऱ्या माणसाच्या सवयींचा त्या ब्राउझरने कितपत विचार केलाय हे बरंचसं कळतं.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. तपासायचा मजकूर, दोन-तीन शब्दकोश, संदर्भाची पानं, लेखकाशी चाललेला पत्रव्यवहार, अशा वीस-पंचवीस टॅब दिवसभर उघड्या असतात. उजवं मनगट दुखतं, त्यामुळे माऊसला हात लावायचा तो नाइलाज झाला तरच. कामाचं मशीन विंडोजचं, घरचं लिनक्सचं, आणि मधूनमधून मॅकवरही बसावं लागतं. ब्राउझरही एकावर भागत नाही, कारण काही ठिकाणी क्रोम किंवा एजच हवा असतो आणि माझी स्वतःची पसंती फायरफॉक्सला आहे. तेव्हा हे परीक्षण फक्त कीबोर्डपुरतं आहे. गोपनीयता, वेग, बॅटरी यांबद्दल इथे काही मिळणार नाही.

आधी चांगलं ते सांगते. कंट्रोल+टीने नवी टॅब, डब्ल्यूने बंद, शिफ्टसकट टीने बंद झालेली टॅब परत, एलने ॲड्रेस बार, डीने बुकमार्क, एफने शोध. विंडोजवर कंट्रोल+1 ते 8 दाबलं की त्या क्रमांकाची टॅब, आणि 9 दाबलं की कितीही टॅब असोत, शेवटची. क्रोम, एज, ब्रेव्ह, फायरफॉक्स, कुठेही बसा, एवढं तसंच्या तसं चालतं. कुणी एकत्र बसून हे ठरवलं नव्हतं. बंद टॅब परत आणायची सोय फायरफॉक्स 2 मध्ये 2006 सालीच आली होती. 2008 मध्ये क्रोम आला तेव्हा त्याने त्यासाठी वेगळी बटणं शोधली नाहीत, आणि आज ती जोडी सगळ्यांची झाली आहे.

ॲड्रेस बारचं उदाहरण मला त्याहून आवडतं. तिथे जायला कंट्रोल+एल आहे, एफ6 आहे आणि ऑल्ट+डीसुद्धा आहे. ऑल्ट+डी ही इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळातली सवय. तो ब्राउझर गेला, पण त्यावर हात बसलेली माणसं कुठे गेली नव्हती. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही ती जोडी सांभाळली. एकाच जागी जायला तीन वाटा ठेवल्या म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, आणि जुना माणूस पहिल्याच दिवशी सरळ कामाला लागतो. सवयीचा मान राखणं म्हणतात ते हेच.

आता त्या तीन बटणांकडे येते.

क्रोममध्ये कंट्रोल+शिफ्ट+एन म्हणजे इनकॉग्निटो विंडो, म्हणजे पाहिलेल्या पानांची नोंद मागे न ठेवणारी खाजगी विंडो. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सगळ्यांत त्याच जोडीवर खाजगी विंडो उघडते. मॅकवर सफारीतही कंट्रोलच्या जागी कमांड धरलं की तेच. फायरफॉक्समध्ये मात्र खाजगी विंडोसाठी कंट्रोल+शिफ्ट+पी आहे. हे हट्टाने केलेलं नाही. 2009 मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर 8 ची खाजगी विंडोही पीवरच होती, आणि त्याच वर्षी फायरफॉक्स 3.5 मध्ये ही सोय आली तीही पीवरच. म्हणजे तेव्हा वेगळी वाट क्रोमची होती. पुढे एक्स्प्लोरर मागे पडला. त्यानंतर आलेल्या पहिल्या एजमध्ये पी टिकला होता. 2020 च्या जानेवारीत एज क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्याच मुक्त पायावर आला आणि त्यानेही एन घेतला. मोठ्या ब्राउझरांत पीवर आता एकटा फायरफॉक्स उरला आहे.

नुसतं अक्षर वेगळं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. चुकीच्या ब्राउझरमध्ये चुकीची जोडी दाबली तर काय होतं ते बघा. फायरफॉक्सची सवय असलेल्याने क्रोममध्ये कंट्रोल+शिफ्ट+पी दाबलं तर छपाईची खिडकी उघडते. एस्केप दाबा, सुटलात. पण क्रोमची सवय असलेल्याने फायरफॉक्समध्ये कंट्रोल+शिफ्ट+एन दाबलं तर शेवटी बंद केलेली विंडो तिच्या सगळ्या टॅबांसकट परत उभी राहते. ज्या क्षणी माणसाला मागचं काही दिसायला नको असतं, नेमक्या त्याच क्षणी मागचं सगळं पडद्यावर येतं, आणि शेजारी कुणी बसलेलं असू शकतं. गोपनीयतेची एवढी कळकळ असलेल्या ब्राउझरमध्ये हे असावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. सवयींची टक्कर होणारच, पण ती कुठे होते आहे आणि तिचा परिणाम काय होतो, हे बघायला हवं.

अशा आणखी दोन टकरा रोज समोर येतात. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल+शिफ्ट+ए दाबलं की उघड्या टॅबांमध्ये शोधता येतं: दोन अक्षरं लिहा, एंटर दाबा, पोचलात. वीसच्या वर टॅब असणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे. फायरफॉक्समध्ये त्याच जोडीवर ॲड-ऑनचं पान उघडतं. ॲड-ऑनच्या पानावर माणूस महिन्यातून किती वेळा जातो? उघड्या टॅबांत शोधायची सोय फायरफॉक्सकडेही आहे आणि ती उत्तम आहे. ॲड्रेस बारमध्ये टक्क्याचं चिन्ह, मग एक जागा सोडून शब्द लिहायचा. चांदणीचं चिन्ह दिलं तर बुकमार्कमध्ये शोध होतो. माझा हात आता त्यावर बसलाय, पण हे ज्याला कुणी सांगितलेलं नाही त्याला ते आपलं आपण सापडणं कठीण आहे.

दुसरी टक्कर कंट्रोल+शिफ्ट+केची. एजमध्ये ती चालू टॅबची प्रत काढते. मजकुराच्या दोन जागा शेजारी ठेवून तपासताना मला हे सतत लागतं. फायरफॉक्समध्ये तीच जोडी प्रोग्रामरांचा वेब कन्सोल उघडते, आणि ज्याचा प्रोग्रामिंगशी संबंध नाही त्याच्यासमोर पानाच्या खालच्या बाजूला लाल-पिवळ्या इशाऱ्यांची रांग लागते. माझ्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ लेखिकेने ते पाहून थेट कॉम्प्युटर बंद केला होता.

आता कंट्रोल+टॅब. इथे मी ठामपणे फायरफॉक्सच्या बाजूची आहे.

मुद्रितशोधन म्हणजे मजकुरातून शब्दकोशात आणि शब्दकोशातून मजकुरात, अशा अखंड फेऱ्या. क्रोममध्ये कंट्रोल+टॅब दाबलं की उजवीकडची शेजारची टॅब येते. एजमध्येही तेच. शब्दकोश बारा टॅब पलीकडे असेल तर बारा वेळा दाबा, नाहीतर टॅब ओढून शेजारी आणा. फायरफॉक्समध्ये 2018 पासून, म्हणजे 63 व्या आवृत्तीपासून, नव्या प्रोफाइलमध्ये वापराचा क्रम धरला जातो. शेवटी ज्या टॅबवर होता तीच आधी येते. शब्दकोश कुठेही असो, एकदा दाबलं की तिकडे, पुन्हा दाबलं की परत मजकुरावर. ऑल्ट+टॅबने विंडोंमध्ये आपण हेच करत आलो आहोत, त्यामुळे बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही.

क्रोमहून येणारे लोक यावर कुरकुर करतात. टॅब उड्या मारतात म्हणतात. त्यांचं चुकत नाही, पण रांगेने जायला कंट्रोल+पेजडाऊन आणि कंट्रोल+पेजअप आहेतच, आणि ते सगळीकडे रांगेनेच जातात. म्हणजे फायरफॉक्समध्ये दोन कामांना दोन जोड्या आहेत. क्रोममध्ये दोन्ही जोड्या एकच काम करतात आणि दुसऱ्या कामाला जोडीच नाही, सेटिंग्जमध्ये खूण करायची साधी चौकटसुद्धा नाही. फायरफॉक्समध्ये वापराचा क्रम नको असेल तर एक खूण काढली की झालं. ऑपेरा वापराच्या क्रमाची बाजू जुन्या काळापासून धरून आहे, आणि विवाल्डीत दोन्हींपैकी हवा तो क्रम निवडता येतो.

फायरफॉक्सचं एवढं कौतुक केल्यावर हेही सांगायला हवं की तो स्वतःशीच सगळीकडे सारखा नाही. विंडोजवर डाउनलोडची यादी कंट्रोल+जेवर आहे, लिनक्सवर कंट्रोल+शिफ्ट+वायवर. क्रमांकाने टॅब गाठायला विंडोजवर कंट्रोल, लिनक्सवर ऑल्ट. क्रोम लिनक्सवरही कंट्रोलच चालू देतो. सगळ्यांत घातक म्हणजे लिनक्सवर कंट्रोल+क्यूने अख्खा ब्राउझर बंद होतो, आणि क्यू हे अक्षर डब्ल्यूला खेटून आहे. एक टॅब बंद करायला गेलेलं बोट अर्ध्या बोटभर सरकलं की सगळं गेलं. लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामांत कंट्रोल+क्यू म्हणजे बाहेर पडणं, म्हणून ते तसं आहे हे मला समजतं. पण वीस टॅब उघड्या असणं ही ब्राउझरची रोजची गोष्ट आहे, कॅल्क्युलेटरची नाही. सेटिंग्जमध्ये बाहेर पडण्याआधी विचारायची खूण आहे, आणि हा शॉर्टकट साफ बंद करायची नोंद अबाउट कॉन्फिगच्या, म्हणजे फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावर मिळते. लिनक्सवर फायरफॉक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने आजच ती शोधावी. क्रोमने मॅकवर याला छान तोड काढली आहे. इशाऱ्याची खूण चालू असेल तर कमांड+क्यू नुसतं दाबून भागत नाही, दाबून धरावं लागतं.

मॅकचा विषय निघालाच आहे तर तिथला एक विचित्र पेच. सफारीत कमांड+शिफ्ट+आर म्हणजे रीडर, आणि कॅशे, म्हणजे पानाची साठवलेली प्रत, टाळून पान ताजं करायला कमांड+ऑप्शन+आर. फायरफॉक्समध्ये याच्या बरोबर उलट: शिफ्टने पान ताजं होतं आणि ऑप्शनने वाचनाचं दृश्य येतं. दोन्ही रोज वापरणाऱ्याची बोटं कधीच स्थिर होणार नाहीत. मॅकवर एक दिलासा आहे. यंत्रणेच्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये ॲपचे शॉर्टकट म्हणून विभाग असतो. तिथे मेन्यूतल्या ओळीचं नाव अक्षरशः जसंच्या तसं लिहून तिला हवी ती जोडी देता येते, मग ब्राउझर कुठलाही असो.

सवय मोडायची कशी, याचा सगळ्यांत चांगला धडा बॅकस्पेसने दिला. पूर्वी विंडोजवर बॅकस्पेस दाबलं की मागचं पान यायचं. लांबलचक फॉर्म भरताना कर्सर चौकटीच्या बाहेर गेला आणि अक्षर खोडायला बॅकस्पेस दाबलं, की फॉर्म गेला. 2016 मध्ये क्रोम 52 ने हे काढलं. काढताना क्रोमियमच्या लोकांनी मोजणी पुढे ठेवली होती: पानं बघण्याच्या एकूण प्रसंगांपैकी बॅकस्पेसने मागे जाण्याचे 0.04 टक्के, आणि फॉर्मला हात लावल्यानंतर तसं मागे जाण्याचे, एकूण प्रसंगांपैकीच, 0.005 टक्के. आकडे छोटे दिसतात. पण याचा अर्थ बॅकस्पेसने मागे जाणाऱ्या दर आठांपैकी एक जण भरलेला फॉर्म मागे टाकून जात होता, आणि जगभरच्या पानांच्या संख्येत ते फार होतं. जुनी सवय असणाऱ्यांना वाऱ्यावरही सोडलं नाही. बॅकस्पेस दाबलं की ऑल्ट आणि डावा बाण वापरा असा संदेश पानावर यायचा, आणि ज्यांना अजिबात जमत नव्हतं त्यांच्यासाठी गूगलनेच एक एक्स्टेन्शन काढलं. फायरफॉक्सने विंडोजवर तोच निर्णय 2021 मध्ये 87 व्या आवृत्तीत घेतला आणि अबाउट कॉन्फिगमध्ये परतीची वाट ठेवली. कारण खरं होतं, पर्यायी जोडी आधीपासून होती आणि ती पडद्यावर सांगितली गेली. बटणं बदलायची तर अशी बदलावीत.

विवाल्डीबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं.

जुन्या ऑपेरात 1 आणि 2 या आकड्यांनी टॅब बदलायच्या, झेडने मागे आणि एक्सने पुढे जायचं, शिफ्ट आणि बाणांनी पानावरच्या एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर उडी मारायची. 2013 मध्ये ऑपेराने स्वतःचं इंजिन सोडून क्रोमियम धरलं आणि त्या सवयी जोपासलेले वापरकर्ते उघड्यावर पडले. ऑपेराचे सहसंस्थापक जॉन फॉन टेट्झनर यांनी नंतर विवाल्डी उभा केला, 2016 मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि त्या सगळ्या सवयींना तिथे पुन्हा जागा मिळाली. सेटिंग्जमध्ये कीबोर्डचा विभाग उघडा. मेन्यूतल्या जवळजवळ प्रत्येक आज्ञेसमोर एक रिकामी चौकट आहे. तिथे हवी ती जोडी दाबली की ती तुमची. एफ2 दाबलं की एक पट्टी येते, तिच्यात आज्ञेचं, टॅबचं किंवा बुकमार्कचं नाव लिहून एंटर दाबायचं, त्यामुळे शॉर्टकट विसरला तरी हात कीबोर्डवरून उचलावा लागत नाही. 2021 पासून तर अनेक आज्ञांची साखळी करून तिला एकच जोडी देता येते. मी अशीच एक साखळी केली आहे: शब्दकोश उघडणं आणि दोन टॅब शेजारी मांडणं, दोन्ही एका दमात.

एका अक्षराचे शॉर्टकट विवाल्डीत सुरुवातीला बंद असतात, खूण केली तरच चालू होतात, आणि ते तसंच हवं. बोलून टाइप करणाऱ्यांच्या बाबतीत उच्चारलेला शब्द चुकून आज्ञा ठरू शकतो. स्क्रीन रीडरवाल्यांचीही, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम वापरणाऱ्यांचीही अडचण होते, कारण एनव्हीडीएसारख्या प्रोग्राममध्ये एचने मथळे आणि केने लिंका आधीच ठरलेल्या आहेत. 2018 च्या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, 2.1 या आवृत्तीत, साइटसाठी हाच नियम आहे की एका अक्षराचा शॉर्टकट ठेवायचा तर तो बंद करता किंवा बदलता आला पाहिजे.

विवाल्डीची उणीव अशी की त्यात घर केलं की बाहेर पडवत नाही. स्वतःच्या मनासारखी बटणं लावून बसलात आणि दुसऱ्याच्या मशीनवर जायची वेळ आली, की तिथे तुमचं काहीच चालत नाही. म्हणून मी त्यात सामाईक जोड्यांना हात लावलेला नाही, फक्त रिकाम्या जागा भरल्या आहेत. ब्रेव्हमध्येही आता मूळ शॉर्टकट बदलता येतात, सेटिंग्जमध्ये सिस्टमच्या विभागात. दिसायला साधं आहे, चालतं चोख. क्रोममध्ये एक्स्टेन्शनचे तेवढे शॉर्टकट बदलता येतात, ब्राउझरचे नाहीत.

शेवटची तपासणी साइट्सची. कंट्रोल+टी, डब्ल्यू आणि एन या जोड्या ब्राउझर कुठल्याही पानाला घेऊ देत नाहीत, पण कंट्रोल+एफ किंवा कंट्रोल+के पानाला बळकावता येतात. मी काम करते त्यातली एक यंत्रणा कंट्रोल+एफ स्वतःकडे घेते आणि तिच्या शोधाला जोडाक्षरं नीट सापडत नाहीत. फायरफॉक्समध्ये यावर उपाय आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. विंडोजवर कंट्रोल+आयने पानाची माहिती उघडा, परवानग्यांच्या भागात जा, तिथे कीबोर्ड शॉर्टकट बळकावण्याची परवानगी असते. त्या साइटपुरती ती नाकारा. लगेच कंट्रोल+एफ पुन्हा ब्राउझरचं होतं. इतकी साधी, साइटनुसार चालणारी सोय क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नाही.

तर कुणाला काय सुचवेन? रोज वेगवेगळ्या मशीनवर बसणाऱ्याने क्रोम किंवा एज घ्यावा. त्यातही एज सरस, कारण विंडोजवर स्क्रीनशॉटला कंट्रोल+शिफ्ट+एस, आवाज बंद करायला कंट्रोल+एम आणि वाचनाच्या दृश्याला एफ9 या फायरफॉक्सशी जुळणाऱ्या जोड्या त्यात आहेत, म्हणजे दोन्हीकडच्या सवयी चालतात. एकाच मशीनवर एकच माणूस काम करत असेल आणि मनगट सांभाळायचं असेल तर विवाल्डी, दुसरा विचार नको. मी स्वतः मजकूर तपासायला फायरफॉक्सच वापरते, कंट्रोल+टॅबसाठी आणि त्या परवानगीसाठी.

फायरफॉक्सवाल्यांकडे एकच मागणी आहे. काही वर्षांपूर्वी तुम्ही कंट्रोल+शिफ्ट+बी बुकमार्कच्या पट्टीला दिलं आणि बुकमार्कची लायब्ररी कंट्रोल+शिफ्ट+ओवर नेली, दोन्ही क्रोमशी जुळतील अशी. कुणाचं काही अडलं नाही. 112 व्या आवृत्तीपासून, बंद टॅब संपल्या की कंट्रोल+शिफ्ट+टी मागचं सत्रही परत आणतं. मग बंद केलेल्या विंडोसाठी एन अडवून ठेवायचं कारण काय? विंडो परत आणायचं कामही आता टी करतोच, तेव्हा कंट्रोल+शिफ्ट+एन खाजगी विंडोला द्या, आणि पीसुद्धा तसाच राहू द्या. ॲड्रेस बारला तीन वाटा आहेत, खाजगी विंडोला दोन असायला काय हरकत आहे?